पाणी मुरू द्यावं

आज मी कवितेबद्दल बोलणार नाही. मला इथे बोलावतात ते बहुधा कवी म्हणून, आणि समोर माइक आला की कवीला कविता आठवतेच. पण आज बोलायचं आहे ते काचेच्या एका टाकीबद्दल. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. तिच्यात साधारण ७० लिटर पाणी मावतं. या ७० लिटर पाण्याने मला जे शिकवलं, ते बी.ए.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल, तर त्या दिवशी मी वर्गात नसेन.

माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. आमच्याकडे आजोबांना 'दादा' म्हणतात. एका रविवारी तिने धोशा लावला, "दादा, मासे हवेत." आजोबा झालं की माणसाला नाही म्हणता येत नाही. आम्ही बाजारात गेलो. टाकी घेतली, निळे-गुलाबी खडे घेतले, प्लॅस्टिकची दोन झाडं घेतली, हवेचा पंप घेतला आणि त्याच दुकानातून, त्याच दिवशी, सहा सोनेरी मासे घेतले. संध्याकाळी टाकी भरली. पाणी इतकं स्वच्छ की काच आहे की नाही ते कळू नये. शेजारपाजारचे बघून गेले. मला वाटलं, वा, काय काम केलंय!

चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. आम्हाला वाटलं, भूक लागली असेल. आम्ही आणखी खाऊ टाकला. पाचव्या दिवशी सकाळी एक मासा आडवा झाला. आठव्या दिवशी टाकीत पंपाचे बुडबुडे तेवढे राहिले. नात रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. टाकीच्या काचेला नाक लावून ती म्हणाली, "दादा, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. टाकी माळ्यावर गेली. पण प्रश्न माळ्यावर गेला नाही. कारण तो मला पूर्वीही एकदा पडला होता.

मी ज्या तालुक्याच्या गावी वाढलो तिथल्या मशिदीत वजूसाठी दगडी हौद होता. हौदात मासे होते. जुन्या मशिदींच्या हौदांत असे मासे पुष्कळ ठिकाणी असतात. मुंबईच्या जामा मशिदीचा तलाव ज्यांनी पाहिलाय, त्यांनी तिथले मासे आणि कासवंही पाहिली असतील. आमच्या हौदाच्या भिंती हिरव्यागार, हात लावला की बुळबुळीत. दरवर्षी रमजानच्या आधी हौद साफ व्हायचा. ते काम मशिदीतले म्हातारे बांगीसाहेब स्वतः करायचे. तीन भिंती घासायचे, चौथी सोडायचे. पाणीही सगळं काढायचे नाहीत. गुडघाभर ठेवायचे आणि वरून नवं घालायचे. एका वर्षी ते आजारी पडले आणि आम्ही पोरांनी काम अंगावर घेतलं. आम्ही हौद कोरडा केला, चारी भिंती दगड दिसेपर्यंत घासल्या, मासे बादल्यांत ठेवले आणि नव्या पाण्यात सोडले. हौद आरशासारखा चमकत होता. आठवडा संपायच्या आत बहुतेक मासे गेले. बांगीसाहेब काठी टेकत आले, हौदात बघितलं आणि एवढंच म्हणाले, "एक भिंत सोडायची होती रे. ती भिंत पाणी सांभाळते."

त्यांना रागावताही आलं असतं. ते रागावले नाहीत म्हणून ते वाक्य जास्त लक्षात राहिलं. पण भिंत पाणी कशी सांभाळते, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

ते सांगितलं माझ्या एका मित्राने. ते कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात आणि माझ्या कविता ऐकून घेतात, म्हणजे सहनशील आहेत. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

मासा पाण्यात राहतो, खातो आणि त्याच पाण्यात मलमूत्र सोडतो. कल्ल्यांवाटेही तो सतत अमोनिया सोडत असतो. उरलेला खाऊ कुजतो, त्याचाही अमोनियाच होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि मासा त्यात गुदमरत असतो. नदीत, तळ्यात असे जीवाणू असतात की जे या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मग दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात माशाला सोसवतं. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते दगडाला, वाळूला, पानाला, भिंतीला चिकटून राहतात. बांगीसाहेबांची चौथी भिंत म्हणजे हीच जीवाणूंची वस्ती. आम्ही ती घासून काढली होती. आणि माझ्या नव्या काचेच्या टाकीत ती वस्ती मुळात नव्हतीच.

ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला मासे पाळणारी मंडळी 'सायकलिंग' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पंक्चरचं दुकान आठवलं. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तसं पाणी मुरवायचं. 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण संशयाने म्हणतो. इथे पाणी मुरतंय म्हणजे सगळं ठीक चाललंय.

शेतकरी श्रोत्यांना हे सांगायला नको. ताजं शेण पिकाला घातलं तर पीक करपतं. खत कुजून, निवून तयार व्हावं लागतं. त्या खड्ड्यात आणि या टाकीत काम करणारी जात एकाच स्वभावाची आहे. आणि तिला घाई चालत नाही. दुधाचं दही एका रात्रीत लागतं. आपल्या आतड्यातला एखादा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या अमोनिया खाणाऱ्यांना मात्र दुप्पट व्हायला बारा-पंधरा तास, कधी दिवस-दीड दिवस लागतो.

हे माणसाला कळलं कसं, त्याची गोष्ट मला फार आवडते. ती दोन पिढ्यांची गोष्ट आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५४ लिटरच्या भांड्यात दोन लहान सोनेरी मासे ठेवले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. कल्पना अशी की माशाच्या श्वासातून निघणारा वायू झाडाने घ्यावा आणि झाडाने सोडलेला ऑक्सिजन माशाने घ्यावा. पण झाडाची जुनी पानं कुजली, पाणी गढूळ होऊ लागलं. मग त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पानं खाऊ लागल्या आणि पाणी पुन्हा निवळलं. १८५० साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. आज घरोघरी जी मत्स्यटाकी दिसते तिच्या मुळाशी हे भांडं आहे.

पुढे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी वाळूच्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपत सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया जसाच्या तसा. मग अचानक नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की ते थांबायचं. म्हणजे हे काम वाळूचं नव्हतं, वाळूतल्या कोणा जिवंताचं होतं. आणि त्यानंतर हे काम दोन पायऱ्यांत, दोन निराळे जीव करतात, हे दाखवून दिलं ते इंग्लंडच्या रॉथमस्टेड इथल्या शेती प्रयोगकेंद्रातल्या एका संशोधकाने. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या भांडंवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापाने झाड पाहिलं, मुलाने न दिसणारे जीव ओळखले. पण त्याला ते वेगळे काढता आले नाहीत. ते साधलं सर्गेई विनोग्राडस्की यांना, १८९० साली, झुरिकमध्ये. आणि गोष्ट तिथेही संपली नाही. २०१५ साली असं आढळलं की दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जीवाणूही असतो. त्यातला एक नेदरलँड्समधल्या संशोधकांना सापडला तो मासे वाढवण्याच्या टाक्यांचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये!

मला त्या वीस दिवसांचं कौतुक वाटतं. मी त्यांच्या जागी असतो तर दहाव्या दिवशी नळी फोडली असती.

असो. मित्राचं ऐकून मी माळ्यावरची टाकी खाली काढली. नातीला म्हटलं, पुन्हा करू. ती म्हणाली, "मासे मरणार नसतील तरच." आता हे आश्वासन आजोबांनी द्यायचं कसं? मी म्हटलं, "या वेळी मासे शेवटी आणायचे. आधी झाडं."

मित्राचा सल्ला हाच होता. टाकी मुरायची वाट बघत ती रिकामी ठेवू नका, पहिल्या दिवसापासून जिवंत झाडं लावा. कारण झाडाला नत्र हवं असतं आणि पाणवनस्पती ते अमोनियाच्या रूपातच थेट उचलतात. पुष्कळ पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा तेच आवडतं. म्हणजे जीवाणूंची वस्ती बसेपर्यंत झाड विष खातं आणि त्यावर वाढतं. शिवाय प्रत्येक पान म्हणजे जीवाणूंना बसायला नवी जागा. विकतच्या झाडांच्या मुळांवर थोडे जीवाणू आधीच आलेले असतात. दुकानदार किंवा मित्राकडच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा एखादा तुकडा मिळाला तर आणखी उत्तम. ते विरजणच.

झाडं मात्र भराभर वाढणारी हवीत. हळू वाढणारं झाड हळू खातं. आम्ही रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया लावली आणि हायड्रिला लावली. हायड्रिला तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत बीकरमध्ये जिच्यावर उपडं नरसाळं ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे मोजले होते, तीच. रंगीत खडे काढून टाकले, धुतलेली बारीक वाळू घातली. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग भरलं, कारण त्यातलं क्लोरीन जीवाणूंनाही मारतं. दिवा रोज सहा-सात तासच. जास्त प्रकाश दिला तर नव्या टाकीत झाडांआधी शेवाळ माजतं.

जीवाणूंना खायला हवं म्हणून रोज चिमूटभर माशांचा खाऊ रिकाम्या टाकीत टाकायचा. हे बघून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "मछली तो नै, दाना किसकू डालरैं?" मी म्हटलं, जे दिसत नाहीत त्यांना. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं त्या माझ्या कवितासंग्रहांकडे पाहतात.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात ते झालं ज्याची मला भीती होती. झाडं मरू लागली. व्हॅलिस्नेरियाची पानं टोकापासून तपकिरी, पारदर्शक होऊन विरघळू लागली. नात शाळेतून आल्यावर आधी टाकीपाशी जायची. त्या दिवशी ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हेपण मेलं." मी बाहीत हात घातला, म्हणजे बाही वर सरली, सगळं उपटून टाकायला. यापेक्षा प्लॅस्टिक बरं, असंही मनात आलं. पण मित्राला एकदा फोन करावा म्हणून थांबलो.

तो हसला. म्हणाला, "भाताची लावणी पाहिलीय ना? रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की आठ दिवस पिवळं पडून मान टाकतं. म्हणून कोणी ते उपटतं का?" पाणवनस्पतींचंही तसंच असतं. जागा बदलली, पाणी बदललं की जुनी पानं जातात. काही झाडं तर रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. त्यांची पानं हवेतली. पाण्याखाली ती टिकत नाहीत, नवी, पाण्याची पानं यावी लागतात. मूळ आणि गाभा घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. फक्त कुजलेली पानं कात्रीने काढायची, नाहीतर ती स्वतःच अमोनिया करतात. वॉरिंग्टनसाहेबांना जी अडचण आली तीच.

मी नातीच्या हातात लहान कात्री दिली. रोज एक-दोन पानं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती नोंद करू लागली. थेंब टाकून रंग बघायचा चाचणीसंचही आणला होता. सहाव्या दिवशी अमोनिया दिसला होता, लिटरमागे एक मिलिग्रॅम. पंधराव्या दिवशी तो कमी झाला, नायट्राइट थोडं दिसू लागलं. एकविसाव्या दिवशी तिने कालनिर्णयवर लिहिलं, 'नवीन पान. खूप छोटं. हिरवं.' मी चष्मा लावून बघितलं. वाळूतून बोटाच्या पेराएवढं एक पान वर आलं होतं. माझ्या कुठल्याही कवितेवर कोणी इतकं नेमकं लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. झाडं असली की अमोनिया, नायट्राइट फारसं वर चढत नाही, म्हणून काहीजण समजतात की टाकी आठ दिवसांत तयार झाली आणि मासे ओततात. तसं करू नये. झाड नवी पानं काढू लागलं आहे, आणि रोज खाऊ टाकूनही दोन्ही चाचण्या सलग आठवडाभर शून्य येताहेत, हे दोन्ही दिसल्यावरच दोन-तीन छोटे मासे आणावेत, मग पंधरा दिवसांनी आणखी. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. पाण्याचा पीएच ७ असेल तर २५ अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का जहाल विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या दख्खनच्या पाण्यात म्हणूनच चूक लवकर अंगाशी येते. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. एक भिंत सोडावी.

दुसरी एक विनंती. टाकीतली छाटलेली झाडं नदीत, विहिरीत, तळ्यात टाकू नका. झाडाची ही नत्राची भूक टाकीत वरदान असते, बाहेर शाप होते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेचं झाड म्हणून जगभर फिरवलेली. आज आपल्या नद्यांवर ती पसरते ती आपणच सोडलेल्या सांडपाण्यावर पोसून. छाटणी कुंडीच्या मातीत घालावी.

सहा आठवड्यांनी आम्ही पाच गप्पी आणले. सोनेरी नाहीत. ते मोठे होतात, त्यांना मोठी टाकी लागते, हेही आता कळलं होतं. झाडांबरोबर न बोलावता एक गोगलगाय आली होती, ती राहू दिली. मासे सोडले त्या रात्री नात आमच्याकडेच झोपली. पहाटे मी नमाजला उठलो तर ती आधीच टाकीपाशी बसलेली. पाचही मासे व्हॅलिस्नेरियाच्या पानांत फिरत होते. तिने बोटावर मोजले, मग मला मोजायला लावले. पाणी पहिल्यासारखं चकचकीत नव्हतं. किंचित पिवळसर होतं, काचेच्या मागच्या बाजूला हिरवी साय धरली होती. मी फडकं घेऊन ती पुसायला गेलो. ती म्हणाली, "मागची काच राहू दे, दादा." बांगीसाहेबांची गोष्ट मी तिला सांगितली होती, हे मीच विसरलो होतो.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्यांनी मुलाच्या वाढदिवसाला टाकी आणली. दुसऱ्याच दिवशी मासे आणायचा त्यांचा बेत होता. नात आता नऊ वर्षांची आहे. ती ओल्या वर्तमानपत्रात आमच्या व्हॅलिस्नेरियाची पाच रोपं आणि फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा गुंडाळून घेऊन गेली. सोबत कालनिर्णयचं एक कोरं पान. मुलाने विचारलं, "हे कशाला?"

"लिहायला," ती म्हणाली. "पहिल्यांदा ती मेल्यासारखी दिसतील. उपटू नकोस."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)